तळें, ठराव आणि म्युनिसिपालिटी

लहान गांवच्या म्युनिसिपालिटीचें प्रोसिडिंग बुक हें कोणी हौसेनें वाचावयास घ्यावें असें पुस्तक नव्हे. त्यांत लढाया नाहींत, तह नाहींत, राज्यारोहणाचे सोहळे नाहींत. मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करण्यांत आला. अमक्या आळींतील दिव्याचा खांब मोडला आहे तो बदलावा. बाजाराचा मक्ता लिलावानें द्यावा. घरपट्टी थकविणाऱ्यांस नोटिसा काढाव्या. गटारावर फरशी बसविण्याचें अंदाजपत्रक मागवावें. अध्यक्षांचे आभार मानून सभा बरखास्त झाली. अशा मजकुरानें पानांमागून पानें भरलेलीं असतात. राजकारणाचा इतिहास वाचणारा मनुष्य या दफ्तराकडे सहसा वळत नाहीं. परंतु रस्ता, दिवा, गटार आणि पाणी यांच्या या रुक्ष नोंदींतच एक मोठा प्रश्न दडलेला असतो. गांवाच्या पैशानें जें राखलें जातें तें गांवांतील कोणाचें? आणि 'गांव' या शब्दांत कोणाकोणाची गणना करावयाची? कुलाबा जिल्ह्यांतील महाड येथील म्युनिसिपालिटीपुढें हा प्रश्न एका तळ्याच्या रूपानें उभा राहिला, आणि त्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत तेरा वर्षें उलटलीं.

तो प्रसंग समजण्यासाठीं प्रथम या संस्थेची घडण पाहिली पाहिजे. ज्या गांवचे रहिवासी मागणी करतील त्या गांवीं स्वच्छता, रस्ते व दिवाबत्ती यांची व्यवस्था पाहण्यासाठीं कमिटी नेमावी, अशी तरतूद १८५० च्या २६ व्या कायद्यानें झाली. मुंबई इलाख्यांतील पुष्कळ म्युनिसिपालिट्या याच कायद्याखालीं निघाल्या. महाडची म्युनिसिपालिटी १८६५ च्या सुमारास स्थापन झाली. पुढें १८७३ च्या कायद्यानें त्यांचे दोन वर्ग पाडले. दहा हजारांवर वस्ती असलेलीं शहरें एका वर्गांत, आणि दोन हजारांवर वस्ती असलेले गांव दुसऱ्या वर्गांत. या सर्व काळांत सूत्रें होतीं तीं सरकारी अधिकाऱ्यांच्या हातीं. कलेक्टरसाहेबांच्या किंवा मामलेदारांच्या मर्जीप्रमाणें सभा चालावी, आणि गांवच्या प्रतिष्ठितांनीं मान डोलवावी, असा बहुतेक ठिकाणचा प्रकार होता.

लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८ मे १८८२ रोजीं काढलेल्या ठरावानें या स्थितींत पालट घडविण्याचा हेतु जाहीर झाला. कारभार कदाचित् अधिक चांगला होणार नाहीं, परंतु लोकांना कारभार करण्याचें शिक्षण मिळेल, हा त्या ठरावांतील मुख्य विचार होता. बिनसरकारी सभासदांची संख्या अधिक असावी, अधिकाऱ्यांनीं आंतून हुकूम सोडण्यापेक्षां बाहेरून देखरेख करावी, असें त्यांत सांगितलें होतें. त्याला अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं नवे कायदे झाले, आणि म्युनिसिपालिटींत निदान निम्मे सभासद लोकांनीं निवडलेले असावे असें ठरलें. लोकांनीं म्हणजे सर्वांनीं नव्हे. मताचा हक्क मिळकतीशीं व कराशीं बांधलेला होता. ज्याच्या नांवें घर नाहीं व ज्याच्याकडे पट्टीची पावती नाहीं, त्याच्याकडे उमेदवारही सहसा जात नसे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९०१ चा डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल ॲक्ट. तालुक्याच्या गांवांचा कारभार पुढें कित्येक वर्षें याच कायद्याच्या आधारें चालला. सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणें, रस्ते झाडणें, आग विझविणें, पडाऊ इमारतींचा बंदोबस्त करणें, स्मशानें व दफनभूमि राखणें, बाजार व गटारें बांधणें, पाण्याचा पुरवठा करणें, जन्ममृत्यूची नोंद ठेवणें, देवी टोंचणें, प्राथमिक शाळा चालविणें अशीं कर्तव्यें त्यांत एकामागून एक मांडलेलीं आहेत. याच कायद्यांत म्युनिसिपालिटीच्या मालमत्तेचीही एक यादी आहे. वेशी व तटाच्या भिंती, बाजार, सार्वजनिक ओढे, तळीं, हौद, विहिरी व झरे, गटारें, दिवे व त्यांचे खांब, रस्ते, रस्त्यांतील दगड आणि कडेचीं झाडें या सर्वांची मालकी म्युनिसिपालिटीकडे. फार काय, रस्त्यावरून गोळा केलेला केरकचरा, राख आणि शेण हीं देखील तिचीच मालमत्ता! वाचतांना हसूं येतें. परंतु या निर्जीव यादींतील 'सार्वजनिक तळीं' या दोन शब्दांना पुढें केवढें महत्त्व येणार होतें याची कल्पना यादी लिहिणाराला खचितच नसेल.

अशा म्युनिसिपालिटीचा महिन्याचा कारभार म्हणजे तुटपुंज्या उत्पन्नाची आणि न संपणाऱ्या गरजांची ओढाताण. उत्पन्नाच्या बाबी ठरलेल्या असत. नाक्यावरची जकात, घरपट्टी, सफाईची पट्टी, बाजारबैठक, आणि सरकारकडून मिळेल तें अनुदान. खर्चाच्या बाजूस शिक्षकांचे व झाडूवाल्यांचे पगार, दिव्यांचें तेल, खडी व मुरूम, आणि पावसाळ्यांत वाहून जाणारे रस्ते. सभेपूर्वीं विषयपत्रिका फिरे. शिपाई घरोघर जाऊन सभासदांची सही घेई. गणसंख्या भरली नाहीं तर सभा तहकूब. भरली तर कोणी सूचना मांडावी, कोणी अनुमोदन द्यावें, कोणी उपसूचना आणावी, आणि शेवटीं मतें मोजून ठराव लिहिला जावा. ठराव मंजूर होणें आणि ठराव अमलांत येणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें या संस्थेच्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक असे. अंमलबजावणीला पैसा लागतो, माणूस लागतो, आणि पैसा व माणूस असूनही धैर्य लागतें. यांपैकीं एकाची उणीव असली कीं कागद दफ्तरदाखल होतो. महाडच्या तळ्याचा कागद असाच दफ्तरदाखल झाला होता.

महाड हें सावित्री नदीकांठचें जुनें बंदर. बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राशीं त्याचा व्यापार चाले, आणि रायगडच्या वाटेवरचें गांव म्हणूनही त्याला पूर्वींपासून महत्त्व होतें. कोंकणांत पावसाळ्यांत पाण्याचा पूर असतो, पण उन्हाळ्यांत घागरभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते, हा अनुभव तेथील प्रत्येक गांवाचा. अशा गांवांत चवदार तळ्यासारखा पाण्याचा सांठा म्हणजे मोठें वैभव. चार-पांच एकरांचा त्याचा विस्तार. पावसाचें पाणी आणि कांहीं जिवंत झरे यांवर तें भरतें. त्याच्या भोंवतीं म्युनिसिपालिटीचे रस्ते होते, आणि रस्त्यांपलीकडे स्पृश्य हिंदूंचीं व थोडीं मुसलमानांचीं घरें होतीं. तें किती जुनें याचा निश्चित दाखला नाहीं; निदान अडीचशें वर्षांपूर्वींचें तें असावें, असें पुढें कोर्टांत दोन्ही पक्षांनीं मानलें. तेथें येणाऱ्या गुराढोरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य मानलेल्या माणसांना. बाजारहाटासाठीं किंवा कचेरीच्या कामासाठीं आसपासच्या खेड्यांतून महाडास आलेल्या महाराला किंवा चांभाराला ऐन उन्हांत त्या पाण्याकडे नुसतें पाहत पुढें जावें लागे.

या स्थितीला पहिला कायदेशीर धक्का मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बसला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव तेथें मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या व राखलेल्या, किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यांत असलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा व धर्मशाळांचा, तसेंच सार्वजनिक शाळा, कोर्टें, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गाला करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबर १९२३ रोजीं सरकारनें त्यावर आपला ठराव काढून निरनिराळ्या खात्यांना व स्थानिक संस्थांना तें धोरण कळविलें. बोले यांच्या ठरावांतील शब्दयोजना लक्षांत घेण्यासारखी आहे. धर्म, शास्त्र किंवा रूढि यांचा वाद त्यांत घातलेलाच नाहीं. पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा, एवढाच त्याचा आधार. म्युनिसिपालिटीच्या जमाखर्चाच्या भाषेंत मांडलेली ती समतेची मागणी होती.

सरकारी कागद महाडास पोंचला. ५ जानेवारी १९२४ रोजीं तेथील म्युनिसिपालिटीनें चवदार तळें अस्पृश्यांना खुलें करण्याचा ठराव केला. त्या गांवीं सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक विचारांचे कार्यकर्ते होते. ते पुढें म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. तो काळ पाहतां एका लहान गांवच्या संस्थेनें असा ठराव करावा ही गोष्ट सामान्य नव्हती. इलाख्यांतील कित्येक स्थानिक संस्थांनीं तेवढेंही केलें नाहीं. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांना कौन्सिलांत दुसरा ठराव आणावा लागला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डें यांना सरकारी अनुदान देऊं नये, अशी त्याची मागणी होती. आर्जवानें जें होत नाहीं तें पैशाची दोरी ओढल्यानें होईल, ही त्यामागची अटकळ.

महाडचा ठराव मात्र तीन वर्षें कागदावरच राहिला. ठरावानें तळें खुलें झालें होतें. प्रत्यक्षांत एकाही अस्पृश्य माणसानें त्याचें पाणी भरलें नव्हतें. म्युनिसिपालिटीच्या बाजूनें पाहिलें तर तिनें आपलें काम केलें होतें; कोणाला अडविण्याचा हुकूम तिनें दिलेला नव्हता. परंतु तळ्याभोंवतींच्या घरांची दहशत उठविण्यासाठींही तिनें कांहीं केलें नाहीं. हक्क दिला, पण तो बजावतांना मार बसला तर पाठीशीं कोण उभें राहील, याचें उत्तर ठरावांत नव्हतें. दिव्याचा खांब बदलण्याचा ठराव झाला आणि खांब बदलला नाहीं, तर गल्लींतले लोक कचेरींत येऊन कारकुनाला जाब विचारतात. येथें जाब विचारणाऱ्यांजवळ मत नव्हतें, मिळकत नव्हती, आणि सभागृहांत त्यांचें माणूसही नव्हतें.

जाब शेवटीं विचारला गेला तो २० मार्च १९२७ रोजीं. त्या दिवसाच्या आदल्या दिवसापासून महाडास कुलाबा जिल्ह्यांतील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती व डॉ. भीमराव आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. परिषदेसाठीं जमलेले लोक मिरवणुकीनें तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकरांनीं प्रथम पाणी घेतलें, त्यांच्यामागून इतरांनीं घेतलें. म्युनिसिपालिटीच्या तीन वर्षांपूर्वींच्या ठरावाची ती पहिली अंमलबजावणी होय, आणि ती म्युनिसिपालिटीनें नव्हे तर ज्यांच्यासाठीं ठराव केला होता त्यांनींच केली. त्यानंतर गांवांत अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, पुष्कळ जण जखमी झाले. पुढें सनातनी मंडळींनीं तळ्याच्या शुद्धीचा विधि केला. १०८ घागरी पाणी काढून पंचगव्य व मंत्र यांच्या साहाय्यानें तळें पुन्हां पवित्र झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

आतां खरी परीक्षा होती ती म्युनिसिपालिटीची. गांवांतील मतदार, पट्टी भरणारे, दुकानदार, शेजारी आणि नातेवाईक यांचा सारा दाब सभासदांवर पडला. सुधारकांची बाजू अल्पमतांत गेली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं सभेनें १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव कौन्सिलांत मंजूर होऊन त्या दिवशीं बरोबर चार वर्षें पुरीं झालीं होतीं. सभेच्या नियमांप्रमाणें या कृतींत कोठेंही दोष काढतां आला नसता. विषय पत्रिकेवर आला, मतें पडलीं, बहुमत झालें, ठराव लिहिला गेला. ज्या हातानें दार उघडलें त्याच हातानें तें लावलें, आणि दोन्ही वेळां शाई एकाच दौतींतली होती.

परिषदेच्या बाजूनें डिसेंबरांत सत्याग्रहाची घोषणा झाली. तेव्हां १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या दिवाणी कोर्टांत सनातनी पक्षानें डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा दाखल केला. तळें हें स्पृश्यांच्या खासगी मालकीचें आहे, निदान तें केवळ स्पृश्यांनींच वापरावें अशी प्राचीन वहिवाट आहे, असें त्यांचें म्हणणें. दोन दिवसांनीं तात्पुरता मनाईहुकूम निघाला. २५ डिसेंबर रोजीं परिषद पुन्हां भरली व मनुस्मृतीचें दहन झालें; परंतु कोर्टाचा मनाईहुकूम मोडावयाचा नाहीं असें ठरवून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब ठेवण्यांत आला. जमलेल्या हजारों लोकांच्या भावना अनावर झाल्या असतां हा निर्णय घेणें सोपें नव्हतें. लढ्याचें ठिकाण तळ्याच्या घाटावरून आतां न्यायाधीशांच्या टेबलावर गेलें.

दाव्याचा पहिला निकाल ८ जून १९३१ रोजीं लागला. अस्पृश्यांना वगळून तळें वापरण्याची दीर्घकाळची चाल आहे हें महाडच्या कोर्टानें मान्य केलें; परंतु एका वर्गानें सार्वजनिक वस्तु वापरली व दुसऱ्यानें ती वापरली नाहीं, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याविरुद्ध कायदेशीर हक्क प्राप्त होत नाहीं, असा त्याचा अभिप्राय पडला. खासगी मालकीचा दावा टिकला नाहीं. तळें म्युनिसिपालिटीचेंच ठरलें. ठाणें येथील अपिलांत १९३३ सालीं वादी पुन्हां हरले. शेवटचें अपील मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांच्यापुढें चाललें. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींचा खटला ज्यांच्यापुढें चालला तेच न्यायाधीश. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें अपील काढून टाकलें. सांगितली जाते ती वहिवाट अनादि कालापासूनची असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. तळ्याभोंवतीं स्पृश्यांचीं घरें होण्यापूर्वीं इतरांना वगळण्याचा कोणी प्रयत्न केला असेल हेंही संशयास्पद आहे, असें कोर्टाला वाटलें.

या निकालांतून म्युनिसिपालिटीच्या कारभाराविषयीं एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९२४ च्या ठरावानें अस्पृश्यांना नवीन असें कांहीं दिलें नव्हतें, आणि म्हणूनच १९२७ च्या ठरावानें त्यांचें कांहीं हिरावून घेतलें गेलें नाहीं. पहिला ठराव रद्द झाल्यामुळें वादींची बाजू कोर्टांत तसूभरही बळकट झाली नाहीं. तळें सार्वजनिक होतें तें कोणा सभासदाच्या औदार्यामुळें नव्हे. कायद्यानें तें गांवाच्या वतीनें म्युनिसिपालिटीच्या स्वाधीन केलें होतें, आणि त्याच्यावर एका वर्गाचा विशेष हक्क कोणालाही शाबीत करतां आला नाहीं. गटार कोणत्या आळींत आधीं बांधावें हें बहुमतानें ठरवितां येतें. दिवा कोणत्या वळणावर असावा हें बहुमतानें ठरवितां येतें. गांवांत कोणाला गणावें आणि कोणाला गणूं नये हा विषय मात्र कोणत्याही सभेच्या पत्रिकेवर येऊं शकत नाहीं. महाडच्या सभासदांनीं तो विषय दोनदां मतास टाकला. एकदां चांगल्या हेतूनें, एकदां भीतीनें. परंतु मत घेण्याचा तो विषयच नव्हता.

तरीही त्या पहिल्या ठरावाला व्यर्थ म्हणतां येणार नाहीं. तो झाला नसता तर मिरवणुकीला 'आम्ही मान्य झालेला हक्क बजावीत आहों' असें म्हणण्यास आधार उरला नसता. रुक्ष प्रोसिडिंग बुकांतील चार ओळींनीं हजारों माणसांना त्यांच्या मागणीचा दाखला पुरविला. कागद एकटा कांहीं करीत नाहीं. पण कागद मुळींच नसला तर पाऊल उचलणाराला गुन्हेगार ठरविणें फार सोपें जातें.

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेंत या इतिहासाची खूण स्पष्ट उमटली आहे. तिच्या पंधराव्या कलमांत सरकारी पैशानें पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सर्व लोकांसाठीं ठेवलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांचा उल्लेख आहे, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथें कोणालाही अडवितां येणार नाहीं असें म्हटलें आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत कायद्यांत विहिरी आणि घाट कशाला, असें परक्या वाचकाला वाटेल. महाडचें दफ्तर ज्यानें पाहिलें आहे त्याला तसें वाटणार नाहीं. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच डॉ. आंबेडकर होते.

कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. म्युनिसिपालिटीची नगरपालिका झाली. महाराष्ट्रांतील नगरपालिकांसाठीं १९६५ चा स्वतंत्र कायदा आला. १९९३ पासून अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें या संस्थांना घटनेंत स्थान मिळालें. मिळकतीशीं बांधलेलें मत जाऊन प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळालें, आणि स्त्रियांसाठीं व अनुसूचित जातीजमातींसाठीं जागा राखून ठेवण्यांत आल्या. जकातनाके उठले. कामांची यादी मात्र ओळखीचीच आहे: पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, सफाई, स्मशानें, जन्ममृत्यूची नोंद. १९०१ च्या कारकुनाला आजच्या सभेंत आणून बसविलें तरी विषयपत्रिका वाचतांना तो फारसा अडखळणार नाहीं.

शहरांतल्या सुशिक्षित घरीं नळाला पाणी आलें नाहीं, रस्त्यावरचा दिवा गेला, तर नगरपालिकेची आठवण होते. एरवीं तिच्या सभेंत काय ठरलें याची चौकशी कोणी करीत नाहीं. महाडच्या उदाहरणावरून पाहतां ही बेफिकिरी महागांत पडते. १९२४ च्या जानेवारींत ठराव झाला त्यानंतर गांवांतील चार-दोन जाणत्या कुटुंबांनीं दर महिन्याला सभेंत येऊन 'त्या तळ्याचें पुढें काय झालें?' एवढेंच विचारलें असतें, तर तीन वर्षांचें मौन कदाचित् पडलें नसतें. तो प्रश्न सुखवस्तु घरांतून आला नाहीं. म्हणून ज्यांच्या घागरी रिकाम्या होत्या त्यांनाच तो घेऊन तळ्यावर जावें लागलें, आणि त्यासाठीं डोकीं फोडून घ्यावीं लागलीं.